कच्च्या घराचा हिशेब

२०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, त्यात आमच्या घराची मागची भिंत बसली. मातीची भिंत पडली असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. ती बसते. पायथ्याशी भिजते, थोडी वाकते, आणि मग वरचं छप्पर घेऊनच खाली येते. तिकडे मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सुटलेलं, इकडे गोसीखुर्दची ३३ दारं उघडलेली, आणि आमचं गाव पवनी तालुक्यात नदीपासून हाकेच्या अंतरावर. रात्री म्हाताऱ्या मायला आणि लेकरांना घेऊन आम्ही शाळेत गेलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर पुढची सपरी आणि माजघर शाबूत होतं. मागचं रांधायचं घर आणि बैलांचा कोठा मात्र मातीचा ढीग झाला होता.

पंचनामा झाला. कागदावर लिहिलं, ‘कच्चे घर, अंशतः पडझड.’ गावातली सिमेंटची घरं ओली झाली, पण उभी राहिली. तेव्हा माझा मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता उरलेलंही पाडू आन् पक्कं बांधू.’ त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण माझ्या तोंडून ‘हो’ निघेना.

पूर उतरून महिना-सव्वा महिना झाला असेल. २ ऑक्टोबर २०२० ला राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर ते उभं केलेलं. पुढे आमच्याही गावात शपथ झाली, आणि भाषणात ‘पर्यावरणपूरक घर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ऐकून हसू आलं. एका कागदावर माझं घर कच्चं, म्हणजे सुटका करून घ्यावी असं. दुसरा कागद म्हणतो, घर निसर्गाला धरून असावं. मी दहावी शिकलेला माणूस. पण शेतकऱ्याला हिशेब करायची सवय असते. म्हणून ठरवलं, या घराचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू. कुठून आलं, कशावर टिकलं, आणि का ढासळलं.

हे घर माझ्या आज्याने बांधलं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या मागच्या-पुढच्या सालातलं. तेव्हा आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. मग मध्य प्रदेशात गेला, १९५६ ला मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्यं बदलत गेली, घर जिथल्या तिथे राहिलं.

आजा सांगायचा, घर बांधायचं ठरलं की आधी तीन ठिकाणी जावं लागे. तलावावर, जंगलात आणि कुंभाराच्या दारी.

होळी झाली की तलावाचं पाणी मागे हटायचं. उघड्या पडलेल्या पोटातला गाळ बैलगाड्यांनी काढायचा. जास्तीचा गाळ धानाच्या बांधीत जायचा, उरलेला घराच्या कामी यायचा. नुसती गाळाची माती भिंतीला चालत नाही, वाळली की तडकते. तिच्यात मुरमाड माती मिसळायची, तणस बारीक कापून टाकायचं, धानाचा कोंडा टाकायचा, पाणी घालून तीन-चार दिवस सडू द्यायचं आणि मग बैलांच्या पायाखाली तुडवायचं. हातभर उंचीचा एक थर द्यायचा. तो सुकला की दुसरा. दीड हात जाडीची भिंत अशी चढत चढत महिना-दीड महिन्यात आढ्याला पोचायची. घाई केली तर भिंतीला पोट यायचं. पाऊस लागायच्या आत छप्पर चढलंच पाहिजे, एवढी एकच मुदत.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट म्हणजे, घरासाठी माती काढली की तलाव तेवढा खोल व्हायचा. घर बांधणाऱ्याने गावाचं पाणी वाढवलं असा तो सौदा. आमच्या झाडीपट्टीत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यातले कितीतरी बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. ते गाव आधी आमच्याच जिल्ह्यात होतं, १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. तलाव बांधणं जितकं मोठं काम, तितकंच तो गाळाने भरू न देणं. बांधणाऱ्याचं नाव राहतं. पण दर उन्हाळ्यात टोपलीने गाळ काढणाऱ्यांची नावं कुठे नाहीत. त्यांच्या घरांच्या भिंती हीच त्यांची नोंद.

दुसरं ठिकाण जंगल. इंग्रजांनी १८६० नंतरच्या सालांत मध्य प्रांतात जमाबंदी केली आणि गावाचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं. पण जंगल, तलाव, चराई यांच्यावर गावकऱ्यांच्या ज्या वहिवाटी होत्या त्याही कागदावर घेतल्या. त्याला निस्तार म्हणतात. घराला बांबू, फाटे, बल्ल्या, जळतण किती आणि कुठून घ्यायचं, ते निस्तारात बसायचं. वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात गावाच्या रीतीभाती लिहिलेल्या असायच्या. मालगुजार देवमाणूस होता असं कोणी समजू नये. बेगार घेतली जायची, आणि त्याच्या दारासमोरून डोक्यावर छत्री धरून जायची सोय नव्हती, असं आजा सांगायचा. तरी निस्तार होता म्हणून गरिबाच्याही डोक्यावर छप्पर चढायचं. आमच्या माजघराची मयाल येनाच्या लाकडाची आहे. पुरातही ती हलली नाही.

तिसरं ठिकाण कुंभार. तो चाकावर मातीची नळी काढायचा, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला निमुळती. ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करायचा. भाजली की झाली दोन कवेलू. मोबदला धानात. छपरावर बांबूच्या कमच्या बांधून त्यावर एक उताणं, एक पालथं अशी कवेलू मांडायची. दरवर्षी मृग लागायच्या आत ती फेरायची, म्हणजे सगळी उतरवून, फुटकी बाजूला काढून, पुन्हा बसवायची. फुटकी कवेलू कुटून तिचा चुरा जमिनीच्या भरावात जायचा. भट्टीला लाकूड लागायचं हे खरं, कोंडाही लागायचा. तेव्हा हे घर अगदी धुतल्या तांदळासारखं होतं असं नाही. पण त्याचा सगळा माल बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेच्या आत मिळायचा.

मग हे बिघडलं कुठे? लोक म्हणतात, सिमेंट आलं आणि मातीचं घर गेलं. माझ्या हिशेबात सिमेंट फार उशिरा येतं.

मध्य प्रदेश सरकारने १९५० साली कायदा करून मालगुजारी मोडली. ३१ मार्च १९५१ पासून ती संपली. संपायलाच हवी होती. कुळाला जमीन मिळाली, बेगार गेली. पण त्याच फटक्यात तलाव आणि जंगल सरकारच्या नावावर चढले. निस्ताराचे हक्क कागदावर उरले, पण जंगल आता दुसऱ्याचं झालं. तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणू लागले. माजी मालगुजारी, म्हणून मा. मा. पुढे जिल्हा परिषदा झाल्या, लहान तलाव त्यांच्याकडे गेले. आधी पाळीला भगदाड पडलं तर गाव रात्री कंदील घेऊन धावायचं. नंतर अर्ज लिहिला जाऊ लागला. गाळ काढायचा तर कोणाला विचारायचं हेच कळेना. काढणं थांबलं तसं तलाव उथळ झाले आणि भिंतीची माती लोक शेताच्या धुऱ्यावरून, रस्त्याच्या कडेवरून खणू लागले. तो खड्डा कोणाच्याच कामाचा नाही.

बांबूचंही तसंच झालं. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांच्या यादीत होता. तो खरं तर गवताच्या कुळातला, पण जंगलाबाहेरच्या बांबूला त्या यादीतून सोडवायला २०१७ साल उजाडलं. मी तिशीत असताना छपरासाठी एक गाडी बांबू हवे होते. त्यासाठी तीन दिवस या दारातून त्या दारात हिंडलो आणि शेवटी दामदुपटीने विकत आणले. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या कोठ्यावर टिनाचे पत्रे चढले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार आला. तेव्हा मला वाटलं, आमच्या आज्याकडे होतं तेच साठ वर्षांनी, मोठ्या झगड्यानंतर, एका गावाला परत मिळालं.

बांबू महाग झाला, तशी कवेलू फेरायला माणसं मिळेनात. जंगल विरळ झालं, तशी माकडं गावात आली. एक टोळी छपरावरून गेली की शे-दीडशे कवेलू गेली समजा. कुंभाराची मुलं नागपूरला कामाला गेली. मग ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. बैल गेले तसं शेण गेलं, शेण गेलं तसं सारवण गेलं. सारवण गेलं की मातीच्या जमिनीचा धुरळा उठतो आणि भिंतीला उधई लागते. घर एकदम नाही मोडलं. त्याला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या एकेक करून सुटल्या, आणि २०२० चा पूर आला तेव्हा फक्त धक्का लागायचा बाकी होता. मागच्या भिंतीला पाच-सहा वर्षांत हात फिरला नव्हता, हे मी जाणतो. पंचनाम्यात ते नाही.

इथवर मी हे लिहून माझ्या मायला वाचून दाखवलं. तिचं वय पंच्याऐंशीच्या वर. लग्न होऊन ती याच घरात आली. ऐकलं आणि म्हणाली, ‘तुमी लिवता, मातीचं घर थंडं. थंडं कोन ठेवलं, थेबी लिवा.’

मी गप्प झालो. कारण ते खरंच राहून गेलं होतं. दर आठवड्याला सारवण, दिवाळीआधी पांढऱ्या मातीचा पोतारा, पावसाळ्यानंतर भिंतीची डागडुजी, हे सगळं मायने, आत्याने, बहिणींनी केलं. शेणाच्या पाट्या त्यांच्या डोक्यावर, पाण्याच्या घागरी त्यांच्या कमरेवर. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून आल्यावर घरी पुन्हा चिखल. रांधायच्या घराला खिडकी नव्हती. ओल्या लाकडाच्या धुराने मायचे डोळे गेले तितके वयाने गेले नसतील. साप निघायचा, पाऊस तिरपा आला की गादी भिजायची. आपण पुरुष ज्याला निसर्गाशी जुळलेलं घर म्हणतो, ते बायांच्या पाठीवर उभं होतं. म्हणून सुना-लेकींना फरशी आणि गॅस हवा झाला, तर त्यांना निसर्गाचं प्रेम नाही असं म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

आता पक्क्या घराचा हिशेब. २०१६ च्या नोव्हेंबरात प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण सुरू झाली. किमान २५ चौरस मीटरचं घर, आणि सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. कितीतरी लोकांना तिने पावसातून बाहेर काढलं. मी तिला नावं ठेवणार नाही. पण कच्चं आणि पक्कं यांची व्याख्या पाहा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत छपरावर हाताने केलेली कवेलू असली तर छप्पर कच्चं, यंत्राने केलेली असली तर पक्कं. माती तीच, भट्टी तीच. कुंभाराच्या हातामुळे घर कच्चं झालं!

आणि सिमेंट येतं कुठून? चुनखडीचा दगड मातीसोबत चौदाशे-साडेचौदाशे अंश तापवतात. इंधनाचा धूर वेगळा, पण दगड तापला की त्याच्या पोटातूनही कार्बन वायू सुटतो. टनभर सिमेंटमागे अर्ध्या टनाहून जास्त वायू आकाशात जातो. जगभरात माणूस जेवढा कार्बन वायू सोडतो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. मग सळाख, मग नदीची रेती. ज्या वैनगंगेने भिंत नेली तिच्याच पोटातून रेती काढून आपण नवी भिंत बांधतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो. माझ्या शेजाऱ्यांच्या नव्या घरात रात्री बारापर्यंत कोणी आत झोपू शकत नाही. मग कुलर. कुलरला वीज आणि वरून पाणी, आणि तेही ज्या महिन्यात विहिरी तळाला लागतात त्या महिन्यात.

दोन्ही हिशेब मांडून झाले तरी माझा निर्णय होईना. त्या सुमारास काही शेतकऱ्यांसोबत सेवाग्रामला गेलो होतो. तिथली बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूची. मीराबेननी आधी ती स्वतःसाठी बांधली होती, पुढे गांधीजी तिथे राहायला आले. सोबतच्या एका जाणत्याने केरळात घरं बांधणाऱ्या लॉरी बेकर यांची गोष्ट सांगितली. घराचा माल पाच मैलांच्या आत मिळणारा असावा, हे त्यांनी गांधीजींकडून ऐकलं आणि जन्मभर पाळायला पाहिलं. मी कुटीच्या भिंतीला हात लावला. थंड होती. पण मला मायचं बोलणं आठवलं, आणि मी भिंतीऐवजी खाली जमिनीकडे पाहिलं. सारवण ताजं होतं. म्हणजे इथेही कोणीतरी रोज हात फिरवतंय. हात आहेत म्हणून कुटी आहे.

तिथून परतताना माझ्या मनात ही गोष्ट पक्की झाली. घर निसर्गाला धरून आहे की नाही हे नुसत्या भिंतीकडे पाहून सांगता येत नाही. माल कुठून येतो आणि त्या जागेचं काय होतं, हे विचारावं लागतं. घर टिकवायला कोणाचे हात लागतात, आणि ते राजीखुशीने लागतात की सक्तीने, हे विचारावं लागतं. आणि मोडल्यावर ते कुठे जातं, हेही. आज्याच्या घराचं पहिलं आणि तिसरं उत्तर चांगलं होतं, दुसरं वाईट. नव्या घराचं दुसरं बरं आहे, पहिलं आणि तिसरं वाईट. कोणतंच पक्कं नाही, दोन्ही कच्ची.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. कोठ्याच्या जागेवर धाकट्या भावाला घरकुल मंजूर झालं होतं, ते त्याने स्लॅबचं बांधलं. आमचं रांधायचं घर विटा-सिमेंटचं केलं, पण पुराची जी खूण भिंतीवर राहिली होती तिच्या वर जोतं घेतलं, दगडाचं. त्याला दोन मोठ्या खिडक्या, आत गॅस. खालची जमीन फरशीची, धुतली की झालं. मोरीचं पाणी सांदवाडीतल्या केळी आणि मुंगन्याला सोडलं. माजघर आणि सपरी मातीचीच ठेवली. त्यांच्या पायथ्याला बाहेरून दगडाची बांधणी दिली आणि छपराची वळचण हातभर पुढे ओढली, म्हणजे पाऊस भिंतीला लागू नये. मुलाला म्हटलं, वर्षातून एकदा भिंतीला माती लावायचं काम आता तू आणि मी करायचं, बायांनी नाही. पहिल्या वर्षी त्याची चिडचिड झाली. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःच पांढरी माती आणली. पुढे तो करेल की नाही, मला सांगता येत नाही. माझ्यामागे हा भाग पडेलही.

पण पडला तर काय होईल ते मला ठाऊक आहे. पुरात बसलेल्या मागच्या भिंतीचा ढीग पावसाळाभर तसाच पडून होता. उन्हाळ्यात तो दोन ट्रॉल्या भरून आम्ही तलावाखालच्या बांधीत टाकला. ज्या तलावातून आज्याने ती माती काढली होती, त्याच तलावाच्या पाण्यावर ती बांधी भिजते. त्या वर्षी त्या तुकड्यातलं धान शेजारच्या तुकड्यापेक्षा हिरवंगार होतं. मायला बांधावर नेऊन दाखवलं. तिला नीट दिसत नाही. तिने वाकून चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली आणि म्हणाली, ‘हे आपली रांधनखोली होय.’